मृग नक्षत्र आकाशांत कोठें असतें?

मृग लागला कीं नांदेड-लातूरकडील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. पण ते ढग शोधतात, नक्षत्र नव्हे. महसूल खात्यांत आम्हीं अनेक वर्षें पिकांच्या व पावसाच्या नोंदी लिहिल्या. तरी "आज मृग लागला ना, मग तो दाखवा," असें घरांतील एका लहान मुलानें म्हटलें, तेव्हां आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पुढें त्याचा उलगडा ज्या रीतीनें झाला, ती वाचकांस उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहों.

सूर्य वर्षभर ज्या मार्गानें ताऱ्यांमधून सरकतो, त्या मार्गाचे आपल्या पूर्वजांनीं सत्तावीस समान भाग पाडले. शिवाराचे जसे गट, तसे हे आकाशाचे गट. प्रत्येक गट १३ अंश २० कलांचा. एक गट ओलांडण्यास सूर्यास तेरा-चौदा दिवस लागतात. ७ किंवा ८ जूनला तो मृगाच्या गटांत शिरतो, यासच आपण 'मृग लागला' म्हणतों. अर्थात् त्या दिवसांत मृग सूर्याबरोबरच उगवतो व मावळतो. मग तो रात्रीं दिसणार कसा?

मृग पाहावयाचा तो हिवाळ्यांत. फेब्रुवारीच्या मध्यास रात्रीं आठच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर, किंचित् दक्षिणेस असतो. चार कोपऱ्यांस चार तेजस्वी तारे व मध्यें एका रेषेंत तीन, ही त्याची खूण. तिघांची रेषा आग्नेयेकडे वाढविली कीं अत्यंत तेजस्वी व्याध सांपडतो.

याचें छायाचित्र आतां साध्या मोबाईलनेंही घेतां येतें. अमावास्येच्या आसपासची रात्र व गांवच्या दिव्यांपासून दूरचें शेत निवडावें. अहमदपूर-कंधारकडील बालाघाटाचे माळ यास उत्तम. मोबाईल तिवईवर अथवा बांधावरील दगडाला टेकवून पक्का बसवावा व दहा ते पंधरा सेकंद प्रकाश घेईल असा लावावा. बोटाचा धक्का लागूं नये म्हणून तीन सेकंदांनीं आपोआप चित्र निघेल अशी योजना करावी. आकाश चार मिनिटांत एक अंश फिरतें. म्हणून वेळ फार वाढविल्यास ताऱ्यांच्या रेघा उमटतात. चित्र चांगलें आल्यास मृगाच्या वरच्या, पूर्वेकडील कोपऱ्यांतील काक्षी तांबूस व त्यासमोरचा खालचा राजन्य निळसर पांढरा दिसतो.

एवढ्यावर थांबूं नये. दर पंधरा दिवसांनीं त्याच जागेवरून, त्याच वेळीं चित्र घ्यावें व तारीख-वेळ लिहून ठेवावी. तारखेवांचून कागद दप्तरांत निरुपयोगी. हात लांब करून मूठ धरल्यास ती सुमारें दहा अंश व्यापते. प्रत्येक वेळीं मृग जवळजवळ दीड मूठ पश्चिमेस सरकलेला आढळेल. एप्रिलअखेर तो क्षितिजाजवळ येतो व मेच्या मध्यास संधिप्रकाशांत बुडतो. सूर्य मृगाकडे चालला आहे, याचा हा घरबसल्या पुरावा होय.

छायाचित्रानें आकाशाची मोजणी करण्याचें काम आपल्या भागास अगदींच परकें नाहीं. १८८७ सालीं पॅरिस येथें अनेक देशांच्या वेधशाळांनीं सर्व आकाश वांटून घेऊन त्याचीं छायाचित्रें घेण्याचें ठरविलें. त्यांतील एक वांटा पुढें हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनें उचलला. ही वेधशाळा १९०१ सालीं नवाब जफर जंग यांनीं स्थापिली. नांदेड व लातूर त्या वेळीं त्याच संस्थानांत होतीं. कांचेच्या तबकड्यांवर उमटलेल्या साडेसात लाखांवर ताऱ्यांचीं स्थानें तेथें मोजलीं गेलीं.

आतां पेरणीचा प्रश्न. पृथ्वीचा अक्ष मंदगतीनें डोलत असल्यामुळें ऋतूच्या मानानें नक्षत्रें सुमारें ७२ वर्षांत एक दिवस पुढें सरकतात. हजार वर्षांपूर्वीं सूर्य मृगांत येई तो ऋतूच्या हिशेबानें आजच्या २४-२५ मेच्या सुमारास. पाऊस मात्र ऋतूबरोबर राहतो, नक्षत्राबरोबर नाहीं. म्हणजे मृग हा पावसाचा कर्ता नव्हे. तो आपला जुना तारीखदर्शक आहे, व तोही हळूहळू सरकणारा.

आम्हीं स्वतः एके वर्षीं मृगाच्या पहिल्याच सरीवर सोयाबीन पेरलें. पुढें तीन आठवडे थेंब पडला नाहीं, रोपें करपलीं व दुबार पेरणीचें बियाणें उसनवारीनें आणावें लागलें. दोष मृगाचा नव्हता, आमचा होता. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत पुरेशी ओल गेल्यावांचून पेरूं नये, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला आम्हांस ठाऊक होता. पण पंचांगांतील अक्षरापुढें आम्हीं जमीन उकरून पाहिली नाहीं.

येत्या पौष-माघांत आमच्या शेतकरी बंधूंनीं मुलाबाळांसह शेतावर जाऊन हा प्रयोग अवश्य करावा. जून येईपर्यंत हातीं सात-आठ चित्रें असतील, व मृग लागला म्हणजे नेमकें काय झालें हें त्यांवरून मुलांसही सांगतां येईल. पेरणीचा निर्णय मात्र कुदळीनें ओल पाहूनच करावा, इतकीच विनंती.