शून्य लिहायचं नाही, नॉट पाय लिहायचं

सेमिनारमध्ये तुम्हाला कुणीतरी विचारणारच: मोजलं का? आणि मोजलं तर कशानं? यातला दुसरा प्रश्न मला पाथरीच्या एका जुन्या वहीनं शिकवला.

वही मामाची. त्याच्याकडे झेडएक्स स्पेक्ट्रम होता. इंग्लंडमध्ये 1982 साली आलेल्या या घरगुती कॉम्प्युटरची 'प्लस' आवृत्ती 1986 पासून परवान्यानं भारतातही बनायची, 'डीबी स्पेक्ट्रम' नावानं. टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवर ठेवायचा. लाईट गेली की कॅसेटवर न घेतलेलं सगळं गेलं, आणि पाथरीत लाईट किती जायची ते मराठवाड्यातल्यांना सांगायला नको.

वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय: '0 लिहू नये. नॉट पाय लिहावे.'

का? मेमरी सगळी मिळून 48 केबी, त्यातली जवळपास 7 केबी पडद्यावरच्या चित्रालाच. बेसिकमध्ये 0 टाकला की दिसतं एक अक्षर, पण यंत्र त्यामागे गुपचूप 6 बाइट जोडतं: एक खुणेचा, पाच त्या संख्येच्या आकडेमोडीसाठी तयार रूपाचे. एकूण 7. नॉट आणि पाय हे मात्र कीवर्ड, प्रत्येकी 1 बाइट. पाय शून्य नाही, म्हणून नॉट पाय म्हणजे 0. दोन बाइटांत काम! तसंच इंट पाय म्हणजे 3. शंभर ठिकाणी शून्य असेल तर 500 बाइट वाचले. मला ही युक्ती आजही लई भारी वाटते.

100 साठी मामा व्हॅल "100" लिहायचा, 9 ऐवजी 6 बाइट. पण अवतरणातला मजकूर यंत्राला दर वेळी नव्यानं वाचून त्याची संख्या करावी लागते. म्हणजे जागा वाचली तरी वेळ जास्त जायला हवा.

हेच मी सेमिनारसाठी एम्युलेटरवर मोजायला घेतलं. स्पेक्ट्रममध्ये 23672 या पत्त्यावरचा आकडा सेकंदाला 50 वेळा वाढतो. लूपच्या आधी वाचायचा, नंतर वाचायचा, वजाबाकी करायची. निकाल काय, तर व्हॅलवालाच लूप लवकर संपलेला! दोन दिवस मी कारणं रचत बसलो. त्यातलं एक इतकं पटलं की स्लाइडवरही चढवलं.

मग मामाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तो आकडा 255 च्या पुढं जातो का?"

नाही जात. एका बाइटात 0 ते 255 एवढंच मावतं, म्हणजे पाचेक सेकंदांत मोजणी परत शून्यावर. व्हॅलचा लूप जास्त फेरे मारून आला होता आणि मी फक्त उरलेला तुकडा मोजत होतो. आधी हातातलं घड्याळ लावून 10 सेकंदांचा एक लूप तपासला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. तुम्ही नवं साधन वापराल तेव्हा उत्तर माहीत असलेली गोष्ट त्यानं आधी मोजा. निकाल मनासारखा आला तरी मोजा, कारण तेव्हा तर कुणी फोनही करत नाही.

23673 आणि 23674 हे पुढचे दोन पत्ते वरचे फेरे मोजतात. त्यातले आकडे 256 आणि 65536 नं गुणून मिळवले, तेव्हा व्हॅल हळूच निघालं. स्लाइड काढली.

"वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय की ते," मामा म्हणाला. उघडून बघितलं. होतं.