जिवाची किंमत की घराचं नुकसान? अपघाती मृत्यूनंतरच्या दाव्याविषयी

आजचा विषय नेहमीपेक्षा जरा व्यवहारातला आहे. दुसऱ्याच्या चुकीमुळे घरातलं माणूस गेलं, तर मागे राहिलेल्यांनी दावा करावा का? आणि केला, तर कायदा नेमकं काय मोजतो? आम्ही वकील नाही. आमची हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. पण हा प्रश्न आम्हाला वर्गात भेटला नाही, घरात भेटला.

आमचा धाकटा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याचा लहानसा छापखाना होता. तेरावं झाल्यावर ओळखीच्या एका वकिलांनी दाव्याचं सुचवलं, तेव्हा आमची भावजय म्हणाली, "दादा, ह्यांच्या जिवाचे पैसे घेऊन मी मुलांना जेवू घालू?" आम्हाला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आम्ही वर कांटचा दाखलाही दिला. १७८५ च्या त्याच्या ग्रंथात एक भेद आहे: ज्या वस्तूला किंमत असते तिच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तू ठेवता येते, माणसाच्या जागी काहीच ठेवता येत नाही, म्हणून त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. भावजयीनं मान डोलावली आणि विषय तीन वर्षं मिटला.

कांट आम्ही बरोबर सांगितला होता. फक्त तो इथे लागू नव्हता. कसं, ते पाहू.

इंग्लंडमध्ये १८०८ साली एक खटला झाला, बेकर विरुद्ध बोल्टन. घोडागाडी उलटली, नवरा-बायको दोघं जखमी झाले, महिन्याभरात बायको गेली. न्यायालयानं म्हटलं की माणसाचा मृत्यू हे दिवाणी नुकसान धरता येत नाही; बायको जिवंत होती तोवरचीच भरपाई नवऱ्याला मिळेल. ऐकायला उदात्त वाटतं, पण परिणाम बघा. माणसाला जखमी केलं तर पैसे भरायचे, ठार केलं तर नाही! पुढे रेल्वे आली, अपघात वाढले आणि १८४६ मध्ये तिथल्या संसदेला कायदा करावा लागला. त्याच धर्तीवर आपल्याकडे १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आला. तो आजही आहे. वाहनाखेरीज इतर निष्काळजीपणानं मृत्यू झाला, तर पती, पत्नी, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. मुदत दोन वर्षांची.

वाहन अपघातासाठी वाट वेगळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. अपघात झाला ते ठिकाण, आपण राहतो ते ठिकाण किंवा समोरचा राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठेही तो करता येतो. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही. कोणाची बाजू अधिक संभवनीय, एवढंच पाहतात. चूक कोणाची ते सिद्ध करायचंच नसेल, तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी ठरावीक पाच लाख मिळतात. धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तर सरकारी योजनेतून दोन लाख.

आता रक्कम कशी ठरते ते बघू, कारण भावजयीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. समजा, ३८ वर्षांचा माणूस, स्वतःचा व्यवसाय, महिन्याला २०,००० मिळकत. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार, चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाची मिळकत पुढे वाढली असती म्हणून ४० टक्के धरायचे: झाले २८,०००. यातला काही भाग त्यानं स्वतःवर खर्च केला असता. अवलंबून असलेले चार, म्हणून २००९ च्या सरला वर्मा निकालानुसार एक चतुर्थांश वजा: राहिले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं, ३६ ते ४० साठी १५ नं, गुणायचं. होतात ३७,८०,०००. शिवाय अंत्यविधी, मालमत्तेची हानी आणि सहवासाला मुकणं यांच्या ठरावीक रकमा. त्या दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढवायच्या.

या हिशेबात माणसाची किंमत कुठे आली? त्याचा स्वतःचा खर्च तर वजाच केला. मोजलं ते एवढंच, की त्याच्या हातून घरात काय येत होतं आणि ते किती वर्षं आलं असतं. म्हणजे दावा मेलेल्याच्या जिवाचा नाही, जिवंत माणसांच्या ताटाचा आहे.

तरी एक खटक राहतेच. मिळकतीवर हिशेब बांधला की श्रीमंताचा मृत्यू महाग आणि गरिबाचा स्वस्त ठरतो. आणि ज्या बाईला पगारच नाही, तिचं काय? २०२१ च्या कीर्ती निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे, तिची मिळकत कल्पून हिशेब करायलाच हवा. सुधारणा होतेय, पण प्रश्न पुरता सुटला असं आम्ही म्हणणार नाही.

आमच्या घरी काय झालं? मुलाच्या फीची वेळ आली आणि तीन वर्षांनी अर्ज केला. मिळकतीचा पुरावा मागितला गेला. हिशेबाच्या वह्या? छापखाना आवरताना त्या आम्हीच रद्दीत घातल्या होत्या. अपघात पाहिलेला रिक्षावालाही गाव सोडून गेला होता. मिळकत अंदाजानं धरली गेली, आणि अंदाज कमीच असतो. आमच्या कांटचे पैसे भावजयीनं भरले.

म्हणून चार गोष्टी सांगतो. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती लगेच घ्या. मिळकतीचा एकही कागद टाकू नका. कायद्यात आता अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. त्यावर न्यायालयात वाद आहे, पण आपण ती पाळावी. घाईनं कुठल्याही तडजोडीवर सही करू नका. आणि निकालातल्या रकमेचा वाटा मागणं वकिलांना नियमानं मना आहे. स्त्रियांना तर, मिळकत कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "विम्याचे पैसे मिळालेत, मग भरपाई कापतील का?" नाही. आयुर्विम्याची रक्कम यातून वजा होत नाही. हेलन रिबेलो विरुद्ध आपलं एसटी महामंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. तो विमा गेलेल्या माणसानं स्वतः हप्ते भरून घेतलेला असतो. तेव्हा ताई, संकोच करू नका. अर्ज करा, आणि वह्या जपून ठेवा.