गाडीचं नाव नको, इंजिनाचं सांगा

पावसाळा सरला की कामोठ्यातल्या गॅरेजांपुढे जुन्या गाड्यांची रांग लागते. गेल्या वर्षी त्या रांगेत माझी सेकंडहँड वॅगनआरही होती. "वॅगनआर, २०१०" एवढंच सांगून मी टायमिंग बेल्ट आणि चार प्लग मागवले होते. मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि खोकं तसंच माझ्या हातात परत दिलं. "साहेब, हिला बेल्ट नाही, चेन आहे. आणि प्लग तीनच लागतात."

गोम त्या सालातच होती. वॅगनआरचं जुनं इंजिन एफ१०डी, १०६१ सीसीचं, चार सिलिंडरचं, बेल्टवर चालणारं. २०१० मध्ये त्याच्या जागी के१०बी आलं: ९९८ सीसी, तीन सिलिंडर, चेन. गाडीचं नाव तेच राहिलं, इंजिन मात्र मुळापासून बदललं. स्विफ्टचंही त्याच वर्षी तसंच झालं. १२९८ सीसीचं जी१३ जाऊन ११९७ सीसीचं के१२ आलं.

सीसी सांगूनही भागतंच असं नाही. मारुती ८०० चं एफ८बी आणि अल्टोचं एफ८डी, दोन्ही ७९६ सीसीची. पण पहिल्यात सहा व्हॉल्व्ह, दुसऱ्यात बारा. त्यात ८०० मध्ये आधी कार्ब्युरेटर होता, पुढे एमपीएफआय आलं.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची गोष्टही अशीच. पद्मिनीत १०८९ सीसीचं, मूळ फियाट घराण्यातलं पेट्रोल इंजिन होतं. पुढे तिची डिझेल आवृत्तीही निघाली. त्याच कंपनीच्या ११८ एनईमध्ये निसानचं ११७१ सीसीचं इंजिन होतं. म्हणून "प्रीमियरचं हेड पॅकिंग द्या" म्हटलं, तर दुकानदाराने नेमकं कुठलं काढावं?

याच्या उलट, नावं वेगळी आणि इंजिन एकाच कुळातलं असंही असतं. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होऊन पुंटो, लिनिया आणि इंडिका व्हिस्टात बसलं. मारुतीने तेच परवान्याने बनवून स्विफ्ट, डिझायरमध्ये घातलं. तरी ७५ आणि ९० अश्वशक्तीच्या आवृत्त्यांचा टर्बो वेगळा. डोळे मिटून अदलाबदल करता येत नाही.

मग ओळखायचं कसं? आधी आरसी बुक काढा. त्यावर इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी आणि बनावटीचा महिना असतो. मारुतीच्या इंजिन नंबराच्या सुरुवातीलाच बहुधा कोड असतो: के१०बी, एफ८डी, डी१३ए. अलीकडच्या गाड्यांचा चासी नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, म्हणजे गोल दिसेल ते शून्यच समजायचं. त्याच्या पहिल्या तीन खुणा कंपनी सांगतात: एमए३ मारुती, एमएटी टाटा, एमए१ महिंद्रा.

पण कागदावर थांबू नका. जुन्या गाडीचं इंजिन कधी बदललेलंही असतं. इंजिनाच्या ब्लॉकवर, बहुतेकदा गिअरबॉक्सच्या जोडाजवळच्या सपाट जागेवर, नंबर ठोकलेला असतो. इंजिन थंड असताना रॉकेलच्या फडक्याने तेलकट थर पुसा, खडू घासा, अंक उठून दिसतील. मोबाइलवर फोटो घ्या. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर तिथे अजिबात लावू नका. नंबर खोडला गेला तर कायद्याची अडचण उभी राहते. आरसी आणि ब्लॉक यांचे नंबर जुळले नाहीत, तर पार्ट ब्लॉकप्रमाणे मागवा आणि नोंदीसाठी आरटीओत जा. एमएच ४६ च्या गाड्यांसाठी ते पनवेल आरटीओ.

इंजिन एकदा खोललेलं असेल तर आणखी एक पायरी आहे. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवलेला असू शकतो. तेव्हा रिंगा मागवण्याआधी पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा वाचा आणि बोअर मोजून घ्या. दुकानात जाताना जुना पार्ट सोबत न्या, त्यावरचा पार्ट नंबर दाखवा. कळंबोलीत मिळाला नाही आणि मुंबईत ऑपेरा हाउसला जावं लागलं, तरी त्या नंबरामुळे हेलपाटा वाचतो.

चुकीचा पार्ट नुसते पैसे खात नाही. जुळत नसलेला टायमिंग बेल्ट किंवा हेड पॅकिंग रेटून बसवलं, तर चांगलं इंजिनही कायमचं बाद होऊ शकतं. या पाडव्याला गाडी धुऊन हार घालाल, तेव्हा इंजिन नंबरही पुसून वहीत लिहून ठेवा. पुढचा पार्ट मागवताना पहिली ओळ तीच सांगा.