गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर फ्लायव्हीलही पाहा

क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बसवून गाडी घरी येते. मग काही दिवसांतच पहिल्या गिअरला उचलताना ती थरथरू लागते. दोष नव्या प्लेटवर ढकलला जातो. पुष्कळदा तो असतो जुन्या फ्लायव्हीलचा.

फ्लायव्हील ही क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टने जखडलेली बिडाची जाड तबकडी. प्रेशर प्लेट क्लच प्लेटला तिच्यावर दाबून धरते, म्हणून इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचते. पेडल सोडताना पकड पूर्ण बसेपर्यंत प्लेट घासत राहते आणि तापते. घाटातल्या चढावर, पुढे ट्रकची रांग आणि आपण हाफ क्लचवर गाडी धरून उभे, अशा वेळी ही उष्णता थेट बिडात मुरते.

तिच्या खुणा उघड्या डोळ्यांना दिसतात. आरशासारखी चकाकी आली असेल, तर पकड कमी झाली समजा. निळसर-काळे डाग म्हणजे तिथले बीड अति तापून, झटकन निवून कडक झालेले. प्लेट जास्त झिजली असेल तर रिव्हेटांनी गोल चरे पाडलेले असतात. त्यांत नख अडकते. पोलादी पट्टी आडवी धरून खाली फिलर गेज सरकवला की सपाटी कुठे बिघडली तेही कळते. केसासारख्या बारीक भेगा वरवरच्या असतील तर घासण्यात निघून जातात. खोल भेग दिसली, तर मात्र नवे फ्लायव्हील घ्यावे.

घासायचे कशावर? लेथ कुठेही मिळतो, पण माझे मत ग्राइंडरच्या बाजूने आहे. लेथचे टूल कडक डागावर आले की किंचित उचलले जाते आणि तिथे बारीक उंचवटा राहतो. हाताला तो जाणवतही नाही, थरथर मात्र त्याच्यामुळेच परत येते. ग्राइंडिंगचा दगड कडक आणि मऊ भाग सारखाच कापतो. काढायचे असते ते मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच. कंपनीने दिलेल्या किमान जाडीच्या खाली मात्र जायचे नाही.

काही फ्लायव्हीलला पायरी असते: प्रेशर प्लेट बसते ती कड एका पातळीवर, घर्षणाची जागा दुसऱ्या. इथे दोन्हीकडून सारखेच कापावे लागते, नाहीतर प्लेटवरचा दाब बदलतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत असते ते दोन भागांचे, आत स्प्रिंगा असलेले ड्युअल मास फ्लायव्हील सहसा घासत नाहीत. ते खराब झाले की बदलतात.

उतरवण्यापूर्वी फ्लायव्हील आणि क्रँकवर जुळती खूण करावी. बसवण्याआधी क्रँकचे मागचे ऑइल सील गळत नाही ना, हे बघावे. तेलाचा एक ओघळही नव्या प्लेटला पुरतो. घासलेला पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसावा आणि मग त्याला ग्रीसचा हात लागू देऊ नये. कंपनीने सांगितले असेल तिथे बोल्ट नवेच घ्यावेत आणि टॉर्क पान्याने समोरासमोरच्या जोडीने आवळावेत.

पुढच्या वेळी क्लचला गाडी दिलीत, तर गिअरबॉक्स परत चढण्याआधी गॅरेजमध्ये जा आणि फ्लायव्हील स्वतः पाहून घ्या.