तिसरा पाद: दीर्घ शुश्रूषेतील नवी परिचारिका

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे चार गुण त्यांना अपेक्षित आहेत. वैद्यगुणांवर आपण संमेलनांतून पुष्कळ बोलतो, द्रव्यांवर त्याहूनही अधिक. तिसरा पाद मात्र बहुधा आभारप्रदर्शनातच उरकला जातो.

पक्षाघाताने वा वार्धक्याने अंथरुणास खिळलेले रुग्ण आठवडेच्या आठवडे जेथे राहतात, अशा आयुर्वेदीय रुग्णालयात नवी परिचारिका रुजू होते तेव्हा जीएनएमचे शिक्षण तिच्या पाठीशी असते. इंजेक्शन, मूत्रनलिका यांत तिचा हात बसलेला असतो. 'प्राग्भक्त', 'मात्राबस्ति' हे शब्द तिने क्वचितच ऐकलेले असतात. आपण केसपेपरवर चार ओळी लिहून घरी जातो आणि रात्री संपूर्ण कक्ष तिच्यावर येतो.

धोका कोठे संभवतो, हे एका उदाहरणाने पाहू. मधुमेही रुग्णाची सामावस्था पाहून वैद्य लंघन सांगतात व केवळ मुद्गयूष देण्यास लिहितात. फिजिशियनने पूर्वी ठरवून दिलेली इन्सुलिनची मात्रा त्याच केसपेपरवर तशीच असते. शिस्तीची नवी परिचारिका दोन्ही आदेश तंतोतंत पाळते. आहार घटतो, इन्सुलिन घटत नाही. काही तासांत रुग्णास घाम फुटतो, हात कापू लागतात, बोलणे असंबद्ध होते. पूर्वी पक्षाघात झालेल्या वृद्धाच्या बाबतीत हे जुन्याच व्याधीचे लक्षण वाटण्याचा फार संभव असतो. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावयाची, गिळता येत नसल्यास तोंडाने काहीही द्यावयाचे नाही व शिरेतून ग्लुकोज देण्याची व्यवस्था करावयाची, हे ती शिकलेली असते. 'लंघन' हा शब्द दिसताच इन्सुलिन देण्यापूर्वी वैद्यांना दूरध्वनी करण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नसते. तो अधिकार पहिल्याच दिवशी, आणि शक्यतो लेखी, द्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. रात्री दोन वाजता आलेल्या दूरध्वनीवर वैद्यांनी तिला खडसावले, तर तो कागद निरुपयोगी ठरतो.

याउलट तिचे ज्ञान आपल्याला उपयोगी पडते, असेही प्रसंग आहेत. दर दोन तासांनी कूस बदलताना माकडहाडावर वा टाचेवर दाबूनही न जाणारी लाली तिला दिसली, तर त्या जागी अभ्यंगाचे मर्दन करू नये, असे ती सांगेल. तिचे ऐकावे. संवेदना गेलेल्या अंगावर पोट्टलीस्वेद करताना रुग्णास चटका कळत नाही. पोट्टलीची उष्णता प्रत्येक वेळी स्वतःच्या हातावर पाहण्याची सवय तिला ज्येष्ठ परिचारिकेच्या सोबतीने लागावी. त्यासाठी आरंभीचे काही आठवडे तिला एकटीला रात्रपाळी देऊ नये. मनुष्यबळाची अडचण आम्ही जाणतो, तरीही.

औषधालय चालविणाऱ्या सभासदांकडून थोडीच अपेक्षा आहे. एकसारख्या तपकिरी बाटल्यांतील क्वाथ आणि आसव रात्रीच्या मंद दिव्यात ओळखू येत नाहीत. लेबलवर नाव ठळक असावे, 'जेवणापूर्वी', 'कोमट पाण्यासह' असे साध्या मराठीत लिहावे, आणि अवलेहात साखर वा गूळ आहे, आसवारिष्टात मद्यांश आहे, ही नोंद त्याच लेबलवर दिसेल अशा जागी करावी.