दादासाहेबांची खुर्ची

लोकसभेचे अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्या सदस्याने खाली बसायचे, असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे टीव्हीवर आपण पाहतोच. तरीही ५४३ जणांच्या या सभागृहाचा गाडा चालतो. त्याचे बरेचसे श्रेय अशा एका माणसाला आहे, ज्याला महाराष्ट्र जवळजवळ विसरला आहे.

गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावचे, जन्म १८८८ साली बडोद्यात, वकिली अहमदाबादेत. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे, तेही अवघ्या तीन मतांनी. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने अध्यक्ष निवडला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे उभे होते. दिल्लीत दोन मराठी माणसांची लढत! मावळंकरांना ३९४ मते पडली, मोऱ्यांना ५५.

या खुर्चीला अधिकार भरपूर आहेत. एखादे विधेयक धनविधेयक आहे की नाही, यावर अध्यक्षांचा शब्द अखेरचा. १९८५ पासून पक्षांतर करणाऱ्यांना अपात्र ठरवण्याचे कामही त्यांच्याकडे आले. मत मात्र ते एरवी देत नाहीत. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच देतात. मध्यवर्ती कायदेमंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी १९२८ साली सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर ६१ विरुद्ध ६१ अशी मते पडल्यावर आपले मत सरकारच्या विरोधात टाकले होते, आणि सरकार होते इंग्रजांचे!

मावळंकर काँग्रेसचेच. पण सरकार ऊठसूट वटहुकूम काढते म्हणून नेहरूंना पत्रे लिहून कानउघाडणी करण्यात त्यांनी संकोच केला नाही. विरोधी गटाला पक्ष म्हणून मान्यता हवी तर एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश सदस्य हवेत, हा दंडकही त्यांचाच. गंमत अशी की विरोधी पक्षनेत्याला दर्जा आणि वेतन देणाऱ्या १९७७ च्या कायद्यात हा आकडा नाही. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढेच त्यात म्हटले आहे. त्याच साली या पदावर यशवंतराव चव्हाण बसले. पुढे काँग्रेसला २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ जागा मिळाल्या आणि दहा वर्षे ही जागा रिकामी राहिली. आकड्यावर बोट ठेवणे सोपे असते. मला तरी ते मोठ्या मनाचे वाटले नाही.

पक्षांचे प्रतोद पक्षादेश बजावतात, कामकाज सल्लागार समिती कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा ते ठरवते, अध्यक्ष-उपाध्यक्ष नसले की तालिकेवरचा सदस्य खुर्ची सांभाळतो. या सगळ्यात दुर्लक्षित पद उपाध्यक्षाचे. ते अध्यक्षांचे दुय्यम नव्हे. अध्यक्षांना राजीनामा द्यायचा तर तो उपाध्यक्षांकडेच द्यावा लागतो. मार्च २००२ मध्ये अध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले, तेव्हा मनोहर जोशी मे महिन्यात निवडून येईपर्यंत सभागृह उपाध्यक्ष पी. एम. सईद यांनी सांभाळले. सईद काँग्रेसचे, सरकार वाजपेयींचे. हे पद विरोधकांना द्यायचा संकेत तोवर रुळला होता. शिवराज पाटीलही १९९० मध्ये विरोधी बाकांवरूनच उपाध्यक्ष झाले आणि पुढच्या वर्षी अध्यक्ष.

या पदाचा खरा उपयोग १८ डिसेंबर १९५४ रोजी दिसला. मावळंकरांनाच हटवण्याचा ठराव सभागृहापुढे आला. ज्याच्याविरुद्ध असा ठराव आहे त्याने त्या वेळी पीठासनावर बसायचे नाही, हे घटनेतच आहे. त्या दिवशी खुर्चीवर उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार बसले. ठराव फेटाळला गेला. फेब्रुवारी १९५६ मध्ये मावळंकर पदावर असतानाच वारले आणि अय्यंगारच अध्यक्ष झाले.

उपाध्यक्षाची निवड 'शक्य तितक्या लवकर' करावी, असे घटनेचे ९३ वे कलम सांगते. मुदत घातलेली नाही. २०१९ ते २०२४ ही पाच वर्षे, म्हणजे सतराव्या लोकसभेच्या अख्ख्या कारकिर्दीत, उपाध्यक्ष निवडलाच गेला नाही.