घेरावापुढे प्रशिक्षकाने आपला डाव बदलावा काय?

फुटबॉलचा सामना पाहणाऱ्याची नजर चेंडूमागे धावत असते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण गेल्या काही दशकांत या खेळात जो सर्वांत मोठा पालट झाला तो चेंडूकडे पाहून ध्यानात येत नाही. ज्या संघाच्या पायाशी चेंडू नाही त्या संघाकडे पाहावे, म्हणजे तो दिसू लागतो. पूर्वी चेंडू गमावला की बहुतेक संघ माघारी वळत, आपल्या गोलापुढे फळ्या धरीत आणि प्रतिपक्ष चाल करून येण्याची वाट पाहत. आता कित्येक संघ नेमके उलट वागतात. प्रतिपक्षाचा गोलरक्षक चेंडू पायाशी घेऊन उभा असतानाच आघाडीचे तीन-चार गडी त्याच्या रोखाने धावतात, मधली फळी त्यांच्या मागोमाग सरकते, आणि बचावाची फळी आपला गोल सोडून जवळजवळ मध्यरेषेपर्यंत येऊन उभी राहते. इंग्रजी समालोचक याला 'हाय प्रेस' म्हणतात. आपल्याकडे घेराव हा शब्द चांगला रुळलेला आहे, तोच येथे वापरतो.

हा घेराव म्हणजे नुसती धावाधाव नव्हे. ज्यांनी कबड्डीचे सामने पाहिले आहेत त्यांना तो चटकन समजेल. चढाई करणारा गडी खोलवर शिरला की कोपऱ्यातला गडी त्याच्या घोट्यावर झेपावतो. परंतु त्याआधी बाकीच्यांनी परतीची वाट अडवलेली नसेल तर ती झेप फुकट जाते. फुटबॉलमध्येही धावून जाणाऱ्या पहिल्या गड्याने चेंडू हिसकावलाच पाहिजे असे नाही. तो अशा कोनातून धावतो की चेंडू धरणाऱ्याला एकच बाजू मोकळी दिसावी, आणि त्या बाजूला त्याचे सोबती टपून बसलेले असतात. झेप केव्हा घ्यावयाची याच्या खुणाही ठरलेल्या असतात. पास घेणाऱ्याचे तोंड स्वतःच्याच गोलाकडे असले, चेंडू त्याच्या पायावरून थोडा उसळला, किंवा तो मैदानाच्या कडेला गेला, की घेराव आवळला जातो. कडेची रेषा हा घेराव घालणाऱ्यांचा आणखी एक गडीच असतो, कारण तिच्यापलीकडे पळता येत नाही.

ही कल्पना आजची नाही. कीव्ह शहराच्या डायनॅमो संघाने व्हिक्टर मास्लोव्ह यांच्या हाताखाली 1966, 1967 आणि 1968 अशी सलग तीन वर्षे सोव्हिएत विजेतेपद मिळवले, तेव्हाच ती बरीचशी आकाराला आली होती. पुढे रायनस मिकेल्स यांच्या डच संघाने 1974च्या विश्वचषकात ती साऱ्या जगाला दाखवली, आणि आरिगो साकी यांच्या मिलानने तिच्या बळावर 1989 व 1990 या दोन्ही वर्षी युरोपीय चषक जिंकला. तथापि ती सर्वत्र पसरण्यास नियमांनीही हातभार लावला. 1992 साली असा नियम झाला की सोबत्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यावयाचा नाही. बचावपटूची हक्काची पळवाट त्या दिवशी बंद झाली. उलट 2019च्या नियमाने गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची अट काढली, त्यामुळे संघ अगदी गोलापासून छोटे पास खेळू लागले, आणि घेराव घालणाऱ्यांना शिकार आणखी जवळ मिळू लागली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, एखाद्या प्रशिक्षकाने वर्षभर खपून आपल्या संघाला छोट्या पासांचा, चेंडू राखण्याचा खेळ शिकवला आहे. येत्या शनिवारी त्याची गाठ अशा प्रतिपक्षाशी आहे की ज्याचे सारे सामर्थ्य घेरावात आहे. त्याने आपला डाव बदलावा, की तसाच खेळावा?

बदलू नये असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद हलका नाही. ते म्हणतात, संघाचा खेळ ही सवय आहे, आणि सवय आठवड्यागणिक बदलता येत नाही. प्रशिक्षकच डगमगला असे दिसले की खेळाडूंचा विश्वास उडतो. मार्सेलो बिएल्सा हे या मताचे मूर्तिमंत उदाहरण होत. त्यांचा लीड्स संघ मैदानभर माणसामागे माणूस लावून खेळे. 20 डिसेंबर 1920 नव्हे, 2020 रोजी (इतका जुन्या वळणाचा हट्ट पाहिला की शतकच चुकते) मँचेस्टर युनायटेडने त्यांना 6-2 असे झोडपले. तरी बिएल्सा यांनी पद्धत सोडली नाही, आणि त्या मोसमात लीड्सने नववे स्थान मिळवले. मोठ्या विभागात सोळा वर्षांनी परतलेल्या संघाला ते भूषणावहच होते. पण पुढच्याच मोसमात 23 फेब्रुवारी 2022 रोजी लिव्हरपूलने त्यांना 6-0 हरवले, तीन दिवसांनी टॉटनहॅमने 4-0, आणि दुसऱ्या दिवशी बिएल्सा यांना निरोप मिळाला.

बर्नलीची कथा मला अधिक बोचते. व्हिन्सेंट कोम्पनी यांच्या हाताखाली या संघाने 2022-23 साली दुसऱ्या श्रेणीत 101 गुण मिळवले, तेही चेंडू राखण्याच्या देखण्या खेळाने. वरच्या श्रेणीत आल्यावर गाठ अधिक वेगवान, अधिक निर्दय घेरावाशी पडली. कोम्पनी यांनी मूळ पद्धत फारशी सोडली नाही. मोसम संपला तेव्हा संघाच्या खात्यावर 24 गुण होते आणि तो पुन्हा खाली ढकलला गेला. कोम्पनी मात्र बायर्न म्युनिककडे गेले आणि 2024-25 साली त्यांनी जर्मन लीग जिंकली. त्यांच्या तत्त्वांत काही खोट नव्हती, हे त्यावरून दिसते. पण ती तत्त्वे पेलणारे खेळाडू म्युनिकमध्ये होते, बर्नलीत नव्हते. हट्टाचे बिल क्लबाने आणि त्याच्या प्रेक्षकांनी भरले. खालच्या श्रेणीत जाणे ही केवळ मानहानी नसते; उत्पन्न आटते, खेळाडू विकावे लागतात.

म्हणून डाव बदलावा, असे माझे मत आहे. परंतु हे मत इतक्यावर सोडून चालणार नाही, कारण बदलूनही बुडालेले संघ आहेत. त्याचे उत्तम उदाहरण पेप ग्वार्दिओला यांचेच आहे.

2017-18 साली त्यांच्या मँचेस्टर सिटीने इंग्लिश लीगमध्ये 100 गुण मिळवले. साऱ्या मोसमात लीगचे दोनच सामने ते हरले, आणि त्यांतला पहिला 14 जानेवारी 2018 रोजी लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर. युर्गन क्लॉप यांच्या संघाने उत्तरार्धात नऊ-दहा मिनिटांत तीन गोल चढवून तो 4-3 जिंकला. त्यानंतर 4 एप्रिल रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत हेच दोन संघ त्याच मैदानावर समोरासमोर आले. या वेळी ग्वार्दिओला यांनी डाव बदलला. बाजूने धावणाऱ्या स्टर्लिंगला बाहेर बसवून त्यांनी गुंडोगानच्या रूपाने मध्यफळीत आणखी एक गडी घातला, आणि लापोर्त या मधल्या बचावपटूला डाव्या बगलेवर उभे केले. चेंडू अधिक राखता यावा, घेराव सुटावा, हा हेतू. झाले भलतेच. बाराव्या, विसाव्या आणि एकतिसाव्या मिनिटाला लिव्हरपूलने गोल केले आणि सामना तेथेच संपला. दोन्ही सामने मिळून सिटी 5-1 अशी हरली.

यावरून बदल चुकीचा होता असे म्हणणारे पुष्कळ निघाले. मला वाटते, चूक बदलण्यात नव्हती. बदल अंगवळणी पडलेला नव्हता, यात ती होती. सरकारी कारभारात ज्याने दिवस काढले आहेत त्याला हे सांगावे लागत नाही. नवे परिपत्रक एका दुपारी निघते. त्याप्रमाणे हात चालू लागण्यास वर्ष लागते. लापोर्तसारख्या खेळाडूला सालाहसारख्या वेगवान गड्यासमोर अपरिचित जागी उभे करणे म्हणजे घेराव सोडवणे नव्हे, घेरावाला नवे भगदाड दाखवणे होय. शिवाय तो बदल अर्धाच होता. मध्यफळी भरली, पण बचावफळी पूर्वीसारखीच पुढे राहिली आणि पाठीमागचे मैदान मोकळेच राहिले.

सहा महिन्यांनी, 7 ऑक्टोबर 2018 रोजी, ग्वार्दिओला पुन्हा ॲनफील्डवर आले. या वेळी संघाच्या रचनेत काही नवलाई नव्हती. बदलली होती ती चाल. सिटीचे खेळाडू घाई करीत नव्हते. बचावपटू बेताने पुढे जात होते, आणि चेंडू गेलाच तर तो अशा जागी जावा की लिव्हरपूलला तेथून थेट धावता येऊ नये, अशी दक्षता दिसत होती. सामना रूक्ष झाला, संधी थोड्या आल्या. शहाऐंशीव्या मिनिटाला सिटीला पेनल्टी मिळाली आणि माहरेझने चेंडू आडव्या खांबावरून उंच उडवला. निकाल 0-0. प्रेक्षकाचे पैसे वसूल झाले असे कोणी म्हणणार नाही. पण मोसमाअखेर सिटीचे गुण झाले 98 आणि लिव्हरपूलचे 97. बाकी सारे तसेच राहून तो एक सामना सिटी हरली असती तर हे आकडे 97 आणि 99 असे झाले असते.

मग बदल करावयाचा तो कशात? येथे थोडे अंकगणित उपयोगी पडते. घेराव घालणाऱ्या संघाचा गोलरक्षक आपल्या गोलाजवळच राहतो, म्हणजे घेरावाला हाताशी असतात दहा गडी. ज्यांना घेरावयाचे ते मात्र गोलरक्षक धरून अकरा असतात. म्हणून माणसामागे माणूस लावला तरी एक जण मोकळा राहतोच, आणि बहुधा तो गोलरक्षक असतो. त्याच्या पायात पास देण्याचे कसब असेल तर चेंडू त्याच्याकडे परत द्यावा. त्याला अडवण्यास कोणीतरी आपला माणूस सोडून धावेल, आणि सुटलेला तो माणूसच पुढचा दुवा ठरेल. ब्रायटनचे रॉबेर्तो डी झर्बी यांनी तर याचे आमिषच केले. त्यांचे बचावपटू चेंडूवर तळवा ठेवून स्वस्थ उभे राहत, प्रतिपक्षाला धावून येण्याचा मोह व्हावा म्हणून. 2022-23 साली ब्रायटन सहावा आला आणि क्लबाच्या इतिहासात प्रथमच युरोपीय स्पर्धेत गेला.

ज्यांच्याकडे असा गोलरक्षक नाही त्यांनी लांब मारण्यास लाजू नये. घेरावामागे चाळीस-पन्नास मीटर मैदान ओस पडलेले असते, आणि गोलकिकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइडचा नियम लागू होत नाही, हे पुष्कळ प्रेक्षक विसरतात. आघाडीचा गडी बचावफळीच्या मागे जाऊन उभा राहिला तरी पंच शिट्टी वाजवणार नाही. अशी एक-दोन लांब किक बसली की बचावफळी बिचकून मागे सरते, तिच्यात आणि मधल्या फळीत फट पडते, आणि मग छोटे पासही चालू लागतात. लांब किक म्हणजे तत्त्वभ्रष्टता, असे मानणाऱ्यांना हे पटत नाही.

याहून टोकाचा उपाय म्हणजे चेंडूच प्रतिपक्षाला देऊन टाकणे. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला घेराव घालता येत नाही. त्याला भिंत फोडावी लागते, आणि घेराववाल्यांना तेच पुष्कळदा जड जाते. अँज पोस्टेकोग्लू यांची गंमत पाहा. 6 नोव्हेंबर 2023 रोजी चेल्सीविरुद्ध त्यांच्या टॉटनहॅमचे दोन गडी बाहेर काढले गेले, तरी उरलेल्या नऊ जणांची बचावफळी त्यांनी मध्यरेषेजवळच ठेवली आणि सामना 4-1 असा गमावला. तेच पोस्टेकोग्लू 21 मे 2025 रोजी युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात बिल्बावला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एका गोलाची आघाडी मिळताच संघाला गोलापुढे दाटीने उभे करून राहिले. चेंडू बहुतेक वेळ युनायटेडकडे, चषक टॉटनहॅमकडे. 2008 नंतरचा त्यांचा पहिलाच. लीगमध्ये मात्र त्या वर्षी ते सतरावे आले होते, आणि थोड्याच दिवसांत पोस्टेकोग्लू यांनाही जावे लागले.

आपल्याकडच्या जाणत्यांना येथे सय्यद अब्दुल रहीम आठवतील. 1962च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम झाली, तेव्हा रहीमसाहेबांनी त्याला बाहेर न बसवता आघाडीवर नेले, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. सामना 2-1 असा जिंकून भारताने सुवर्णपदक मिळवले. घेरावाशी या प्रसंगाचा संबंध नाही, हे खरे. पण हा बदल लापोर्तच्या बदलासारखा आंधळा नव्हता. जर्नेलसिंग पूर्वी आघाडीवर खेळलेला होता, आणि रहीमसाहेबांना ते ठाऊक होते.